प्राण्याचं ‘नको’ मुलांना कसं कळावं?

आठवडी बाजारात किंवा जत्रेत एखादा विक्रेता पुठ्ठ्याचं खोकं पुढ्यात घेऊन बसलेला असतो. खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी कोंबडीची पिल्लं चिवचिवत असतात. मूल तिथून हलायला तयार नसतं. थोड्या पैशांत हट्ट पुरवता येतो, म्हणून एक पिल्लू घरी येतं. बुटांच्या खोक्यात मऊ कापड अंथरलं जातं, वाटीत तांदूळ आणि पाणी ठेवलं जातं, नाव ठरतं, रात्री खोकं पलंगाशेजारी येतं. दोन-चार दिवसांत पिल्लू मरतं.

ते का मरतं, हे बहुतेक घरांत कुणी विचारत नाही. ही पिल्लं बहुधा अंड्यांसाठी पाळायच्या जातीतले नर असतात. ते अंडी देणार नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रांच्या दृष्टीने बिनकामाचे. त्यांना रंग फासला की ते खेळणं म्हणून विकले जातात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. ती एरवी कोंबडीच्या पंखांखाली मिळते, पोल्ट्रीत बल्बखाली. पंखा चालू असलेल्या खोलीत, भावंडांपासून तुटलेलं पिल्लू गारठतं आणि त्याचं ते अखंड ओरडणं आपल्याला गोड वाटत राहतं. त्यात ते दिवसभर या हातातून त्या हातात फिरतं.

या घरात मायेची कमतरता नव्हती. मुलाने पिल्लावर जीव टाकला होता. कमी पडलं ते पिल्लाला काय हवं आणि काय नको, हे ओळखणं. मुलांना प्राण्यांविषयी आदर शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर इथे सापडतं. ‘प्राण्यांवर प्रेम करा’ हा उपदेश लहान मुलांना फारसा लागत नाही, कारण प्रेम त्यांच्याकडे भरपूर असतं. त्यांना शिकवावी लागते ती प्राण्याच्या बाजूने बघण्याची सवय.

ओढ आधीपासूनच असते

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ व्हनेसा लोब्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अगदी लहान मुलांना आकर्षक खेळणी आणि काचेआड ठेवलेले जिवंत प्राणी एकाच खोलीत दिले. मुलं खेळण्यांपेक्षा प्राण्यांकडे जास्त रमली. मासा आणि हॅमस्टरपुरतंच हे नव्हतं; साप आणि कोळी ठेवले तेव्हाही त्यांना कुतूहलच वाटलं. ‘ई, घाण!’ किंवा ‘बाप रे!’ हे मुलं बऱ्याच अंशी आपल्या चेहऱ्यावरून शिकतात.

दुसरा अभ्यास २०२१ सालचा. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आणि प्रौढांना विचारलं गेलं, की संकटात सापडलेल्या माणसाला वाचवायचं की प्राण्यांना? एका बाजूला शंभर कुत्री किंवा डुकरं असली, तरी जवळजवळ सगळ्या प्रौढांनी एका माणसाचाच जीव निवडला. मुलांचं तसं नव्हतं. अनेकदा त्यांनी एका माणसाऐवजी अनेक कुत्री वाचवायचं ठरवलं आणि बऱ्याच मुलांच्या लेखी कुत्र्याचा जीव माणसाच्या जिवाइतकाच मोलाचा होता. यातलं कोणतं उत्तर बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. माणूस आणि प्राणी यांच्या मधली भिंत मूल जन्मतः घेऊन येत नाही, ती पुढे हळूहळू उभी राहते, एवढं यातून दिसतं.

मग तेच मूल मांजरीची शेपटी का ओढतं? कारण तीन-चार वर्षांच्या वयात ‘मला जे आवडतं ते समोरच्याला आवडेलच असं नाही’ ही समज अजून कच्ची असते. झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की या वयातली मुलं जगाकडे स्वतःच्याच जागेवरून बघतात; दुसऱ्याच्या जागेवरून ते वेगळं दिसत असेल, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मला घट्ट मिठी आवडते, तर मांजरीलाही आवडत असणार, असा त्यांचा सरळ हिशोब असतो. त्यांच्या मनात दुष्टपणा नसतो. मात्र त्याने मांजरीला होणारा त्रास कमी होत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये शिक्षणावर लिहिलेल्या पुस्तकात ओळखीच्या एका आईचं कौतुक केलं आहे. तिच्या मुलींनी कुत्रा, खार, पक्षी असं काही मागितलं, की ती आणून देई. अट एकच असे, त्याची नीट देखभाल झाली पाहिजे. हयगय झाली तर तो मोठा दोष मानला जाई आणि पुष्कळदा तो प्राणी काढूनही घेतला जाई. प्राण्यांना छळण्यात रमलेली मुलं पुढे माणसांशीही कठोर वागतील, अशी लॉकला धास्ती होती. तीन शतकांपूर्वीच्या त्या आईने मायेला जबाबदारीची जोड दिली होती. आज आपण तिला आणखी एक जोड देऊ शकतो, प्राण्यांच्या वागण्याविषयीच्या माहितीची.

दात दाखवणारा कुत्रा हसत नसतो

कुत्रा बोलत नाही, पण सांगत असतो. नकोसं झालं की आधी तोंड फिरवतो, भूक नसताना ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग अंग आक्रसतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं. त्यानंतर गुरगुर, मग दात आणि शेवटी चावा. ‘अचानक चावला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आधीच्या साऱ्या पायऱ्या आपल्या नजरेतून निसटलेल्या असतात.

मुलांच्या तर त्या हमखास निसटतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइन्ट्स आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांच्या वेगवेगळ्या मुद्रा दाखवल्या. दात विचकून गुरगुरणारा कुत्रा बघून कितीतरी मुलांनी तो ‘खूश’ असल्याचं सांगितलं. त्यांच्या ओळखीच्या जगात दात दिसणं म्हणजे हसणं! सूक्ष्म इशारे मोठ्यांनाही पुरते कळले नाहीत. शिकवल्यावर मात्र मुलं आणि पालक दोघांचीही ओळखण्याची क्षमता सुधारली.

म्हणून घरातल्या मुलाशी कुत्र्याच्या शरीराबद्दल बोलत राहावं. ‘बघ, शेरूने मान वळवली, आता त्याला नकोय.’ शेपटी हलते म्हणजे कुत्रा खुशीतच आहे, असं नसतं. ताठ उभारलेली, जलद थरथरणारी शेपटी ताणाची खूण असू शकते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणं तर सर्वांत धोक्याचं. त्याने दिलेली सूचना आपण बंद केली, की पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल.

मुलांना सहज जमेल अशी एक रीत आहे. आधी कुत्र्याच्या मालकाला विचारायचं. हो म्हटलं तरी आपण त्याच्या अंगावर जायचं नाही, थांबून त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. आला तर छातीशी किंवा खांद्याशी दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो आणखी जवळ सरकला, तर त्याला हवं आहे; दूर झाला किंवा नुसता उभा राहिला, तर पुरे. तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही, गळ्यात हात टाकायचे नाहीत. खाणाऱ्या, झोपलेल्या, आजारी किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. लहान मुलांना होणारे पुष्कळ चावे ओळखीच्याच कुत्र्याचे असतात आणि मुलांची उंची कमी असल्याने ते चेहऱ्यावर, मानेवर बसतात. त्यामुळे ‘आमचा काही करत नाही’ या भरवशावर लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडू नये.

रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करणं ही कुत्र्याची उपजत वृत्ती असते. अनेक देशांतल्या शाळांत मुलांना ‘झाड होण्याचा’ खेळ शिकवतात. पाय रोवून उभं राहायचं, हात पुढे एकमेकांत गुंतवायचे आणि नजर पायांच्या अंगठ्यांवर ठेवायची. न हलणाऱ्या, न ओरडणाऱ्या झाडात कुत्र्याला फारसा रस उरत नाही. आपल्या गल्लीबोळांत वाढणाऱ्या मुलांना पाढ्यांइतकंच हे पाठ हवं.

यात रेबीजचा भाग टाळता येत नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत लागण कुत्र्यांकडून होते. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमी जीव घेतो, पण वेळेवर उपचार झाले तर तो पूर्ण टाळता येतो. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लसीसाठी दवाखाना गाठायचा. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. पिल्लाचा दात किंवा नुसता ओरखडाही यात धरायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ओरडा बसेल म्हणून मुलाने चावा लपवू नये. ‘कुत्रा चावला तर मला येऊन सांग, मी रागावणार नाही’ हे वाक्य मुलाने आधीच ऐकलेलं असलं पाहिजे.

मांजर, ससा, मासा: प्रत्येकाची गरज वेगळी

मांजर पोट दाखवून लोळली, की मुलं पोटावरून हात फिरवायला धावतात आणि ओरखडे घेऊन परततात. पोट दाखवणं हा विश्वास आहे, आमंत्रण नाही. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, की खेळ संपला. मांजरीशी गट्टी करायचा उपाय वेगळा आहे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की माणसाने डोळे हळूहळू मिटून उघडले, तर मांजरीही तसंच करतात आणि पुढे केलेल्या हाताकडे यायला जास्त राजी होतात. चार वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो, कारण यात काही न धरता, न ओढता मांजर आपल्याला उत्तर देते.

ससा मुलांना कुशीत घ्यायचा असतो. सशाला मात्र उचलणं म्हणजे घारीने किंवा कोल्ह्याने पकडणं. शिकार होणारा प्राणी भीतीने गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं तो लाडात आलाय. घाबरून मागच्या पायांनी जोरात झटका मारला, तर त्याचा कणाही मोडू शकतो. म्हणून मुलाने जमिनीवर पाय पसरून बसावं आणि ससा आला तर येऊ द्यावा. त्याचं मुख्य खाणं गवत. गाजर गोड असतं, ते क्वचितच द्यायचं.

गोल भांड्यातला सोनेरी मासा हा तर घराघरांतला ‘सोपा’ प्राणी. पण अशा भांड्यात पाणी कमी, गाळणी नाही, आणि माशाच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया त्याला विषासारखा असतो. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. आपल्याकडे तो दोन महिन्यांत मेला की ‘मासे असेच मरतात’ असं मुलाला सांगितलं जातं. रोम शहराने २००५ मध्ये असं गोल भांडं वापरण्यावरच बंदी घातली.

नाण्याएवढं हिरवं कासव विकत आणलं जातं. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा असतो आणि ते मूळचं अमेरिकेतलं. मोठं होऊन ते थाळीएवढं होतं, दोन-तीन दशकं जगतं आणि कंटाळलेली घरं त्याला तळ्यात सोडून देतात. तिथे ते देशी कासवांच्या मुळावर उठतं. लहान मुलांना या कासवांपासून साल्मोनेला जिवाणूचा संसर्ग होऊ लागला, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांची विक्री थांबवली. आणि पिंजऱ्यातला मिठू? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे देशी पोपट पाळणं आणि विकणं हा गुन्हा आहे. आजोबांच्या घरी पोपट होता, हे मुलाला सांगताना आता तो का नसावा, हेही सांगावं.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये शेतीतल्या जनावरांच्या हालांची चौकशी करणारा ब्रॅम्बेल अहवाल आला. त्यातून पुढे ‘पाच स्वातंत्र्यं’ ही मांडणी रूढ झाली. प्राण्याला भूक-तहान नसावी, राहायला सोयीची जागा असावी, दुखणं-आजारावर उपचार असावेत, स्वभावाप्रमाणे वागायला मोकळीक असावी आणि भीती नसावी. मुलांसाठी याचे पाच प्रश्न होतात: खाल्लं-प्यायलं का? नीट बसता-झोपता येतं का? काही दुखतंय का? त्याला जे करायला आवडतं ते करता येतं का? त्याला कशाची भीती वाटतेय का? पाच बोटांवर मोजता येणारे हे प्रश्न गायीलाही लागू पडतात आणि गिरगावच्या चाळीतल्या माशालाही.

पाळीव प्राणी नसला तरी चालतो

अनेक घरांत प्राणी पाळणं शक्य नसतं आणि त्याने काही अडतही नाही. बाल्कनीतल्या कुंडीत किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीवर बुलबुल घरटं करतो. साधारण दोन आठवडे अंडी उबवली जातात आणि पुढच्या जवळपास तेवढ्याच दिवसांत पिल्लं घरटं सोडतात. महिनाभरात एक पूर्ण गोष्ट डोळ्यांसमोर घडते. अट एवढीच, की ती काचेआडून बघायची. रोज एक चित्र काढायचं, आई-बाबा पक्षी काय आणून भरवतात ते लिहायचं. हात न लावता बघत राहणं, हा मुलासाठी संयमाचा फार चांगला धडा असतो.

उन्हाळ्यात झाडाखाली पिल्लू सापडतं आणि मुलं ते उचलून घरी आणतात. इथे ज्ञान नसेल तर दया घातक ठरते. पिल्लाला पिसं आली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि त्याचे आईवडील जवळपासच आहेत. कुत्र्या-मांजरापासून वाचवायला ते फक्त जवळच्या झुडपावर ठेवायचं आणि लांबून बघायचं. अंगावर पिसं नसतील आणि घरटं हाताला येत असेल, तर परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत चुकीची आहे. चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. दूध पक्ष्यांना पचत नाही. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर विचारावं.

पावसाळा सरता सरता चतुरांचे थवे येतात. मुलं त्यांना ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात, पकडतात आणि शेपटीला दोरा बांधून उडवतात. आपण रागावलो तर मुलाच्या हातातला दोरा सुटतो, पण कुतूहलही सुटतं. त्यापेक्षा त्याला सांगावं, की हा किडा लहानपणी पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातो. त्यातल्या एका जातीचे चतुर भारतातून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जात असावेत, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. हातातला चिमुकला जीव कदाचित आफ्रिकेला निघालाय, हे कळल्यावर दोरा बांधावासा वाटत नाही. मुंग्यांच्या रांगेचंही तसंच. चिरडायला निघालेल्या मुलाला साखरेचे चार दाणे द्यावेत आणि वासाच्या मागावरून मुंग्या रांग कशी धरतात, ते बघायला बसवावं.

काही गोष्टी न करण्यातही काळजी असते. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स देणं मुलांना दया वाटते. पण त्यामुळे माकडं माणसावर अवलंबून राहतात, हातातलं हिसकावू लागतात आणि गाड्यांखाली येतात. संक्रांतीला साधा सुती दोरा वापरणं हाही याच शिकवणुकीचा भाग. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी घारी, बगळे आणि वटवाघळं त्यात अडकतातच.

सण आणि ताट

आपल्या परंपरेत या शिक्षणाला जागा आहे, फक्त ती नुसत्या पूजेवर संपू देता कामा नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते. वर्षभर जू घासून जिथे त्रास होतो, त्याच खांद्याला हळद-तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. पुरणपोळीपेक्षा हा भाग मुलाला दाखवण्याजोगा आहे, कारण यात बैलाचं दुखणं कुठे आहे हे ओळखलेलं आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून मुलं घरोघर जातात. बैल बघायला न मिळणाऱ्या शहरी मुलाशी ओझं, चाबूक आणि विश्रांती यांविषयी बोलायला याहून चांगली संधी नाही.

नागपंचमीला नांगर न धरण्याची, जमीन न खणण्याची चाल आहे. सापाच्या बिळाला धक्का न लावणं, ही खरी सापाच्या सोयीची गोष्ट. दूध पाजणं मात्र नव्हे. साप मांसाहारी आहे, दूध हा त्याचा आहार नाही. तहानेने व्याकूळ केलेला सापच समोर येईल ते पितो. पाचवीतल्या मुलाला हा फरक सहज कळतो.

सर्वांत अवघड प्रश्न जेवताना येतो. ‘हे कुणाचं मांस आहे?’ गावाकडच्या मुलाला उत्तर ठाऊक असतं. ज्या करडाला त्याने पाला खाऊ घातला, ते बाजारात गेलेलं त्याने पाहिलेलं असतं. शहरात ही साखळी दिसेनाशी होते. अमेरिकेत २०२१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांपैकी पाचात सुमारे दोघांना बेकन हे डुकराचं मांस वनस्पतीपासून मिळतं असं वाटत होतं. घर शाकाहारी असो की मांसाहारी, खोटं बोलू नये. ‘हो, ही कोंबडी होती’ एवढं खरं उत्तर पुरतं. मुलाने खाणं नाकारलं तर चेष्टा करू नये, आणि शाकाहारी घरातल्या मुलाने शेजारच्या डब्याला नाक मुरडू नये. दूध देणारी म्हैस कशी बांधलेली असते, कोंबड्या कशा कोंबून नेल्या जातात, ते बघताना आधीचे पाच प्रश्न तिथेही विचारता येतात.

कोणत्या वयात काय

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात प्राणी देऊ नये. आपला हात त्याच्या हाताखाली धरून, उघड्या तळव्याने हळूच फिरवायला शिकवावं. तीन ते पाच या वयात भांड्यात पाणी भरणं, मापाने खाणं वाढणं, नंतर हात धुणं जमतं. चिमण्या-बुलबुलांसाठी पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवणं आणि ते रोज बदलणं हे काम तर या वयासाठीच आहे. सहा ते आठ या वयात प्राण्याचे केस विंचरणं, लसीच्या तारखा वहीत लिहिणं, आज खाल्लं की नाही याकडे लक्ष ठेवणं जमू लागतं.

मात्र शेवटची जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाचीच राहते. ‘शिस्त लागावी’ म्हणून कुत्रा आणायचा आणि मूल विसरलं म्हणून त्याला तहानलेला ठेवायचा, हा धडा प्राण्याच्या खर्चाने दिलेला असतो. मुलाने पाणी भरलं नाही, तर आपण भरायचं आणि मग मुलाला शांतपणे विचारायचं, ‘तुला तहान लागली असती आणि नळापर्यंत हात पोचत नसता, तर?’

मूल चुकलं, म्हणजे कुत्र्याला दगड मारला किंवा मांजरीला लाथाडलं, तर फटका देऊ नये. दुबळ्याला मारून समजावता येतं, हेच त्यातून ते शिकेल. आधी प्राण्याला सोडवावं, मग काय झालं ते नेमक्या शब्दांत सांगावं आणि मुलाला भरपाईचं काहीतरी काम द्यावं. कुतूहलापोटी होणारी अशी कृत्यं समजावल्यावर सहसा थांबतात. पण समजावूनही मूल पुन्हा पुन्हा, लपूनछपून किंवा मजा घेत प्राण्यांना इजा करत असेल, तर ते गांभीर्याने घ्यायला हवं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८७ पासून प्राण्यांशी क्रूरपणा हे मुलांमधल्या वर्तन-विकाराच्या लक्षणांत धरलं आहे. कधी कधी घरात किंवा बाहेर त्या मुलालाच मार बसत असतो. अशा वेळी दटावणीपेक्षा बालमानसतज्ज्ञांची मदत उपयोगी पडते.

याचा परिणाम होतो का?

अमेरिकेतल्या यूटा राज्यात फ्रँक अॅसिओन यांनी प्राथमिक शाळांत वर्षभर प्राण्यांविषयीच्या दयेचे धडे देऊन १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. चौथीच्या मुलांची प्राण्यांबद्दलची वृत्ती बदललीच, शिवाय माणसांविषयीची सहानुभूतीही वाढलेली आढळली. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हाही तो परिणाम टिकून होता. हे मोजमाप प्रश्नावल्यांवर आधारलेलं होतं, म्हणजे मुलं काय म्हणतात ते त्यात कळलं. ती रस्त्यावर कशी वागतात, हे बघायचं काम घराचं आणि शाळेचं. आपल्याकडे दरवर्षी १४ ते ३१ जानेवारी या काळात प्राणी कल्याण पंधरवडा पाळतात. सजीवांविषयी दया बाळगणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून, कलम ५१-क नुसार, प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ही कर्तव्यं छापलेली असतात. तो मुद्दा पाठ करून घेण्याऐवजी त्या पंधरवड्यात एका पशुवैद्यकाला वर्गात बोलावलं, तर मुलांच्या पदरी जास्त पडेल.

आणि मूल कधीतरी म्हणेलच, ‘आपण कुत्रा आणू या ना!’ तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणू नये. बोटांवरचे ते पाच प्रश्न घेऊन सगळ्यांनी बसावं. दिवसभर घरात कोण असेल? सुट्टीत गावाला गेलो तर? पुढची बारा-तेरा वर्षं त्याला फिरवायला कोण नेईल? तो आजारी पडला तर खर्च झेपेल का? उत्तरं जुळली तर बाजारातून विकत घेण्याऐवजी निवाऱ्यातलं एखादं पिल्लू आणावं. आणि हिशोब केल्यावर मूलच म्हणालं, की ‘आपण दिवसभर बाहेर असतो, त्याला इथे करमणार नाही, आपण नको आणू या’, तर कुत्रा न आणताच ते मूल या विषयात पास झालं, असं समजायला हरकत नाही.